कोंबडीचा श्वास ऐकू येऊ लागला, तर

निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. दिवसभर ती कुरकुरेल, अंडे घातल्यावर सारे अंगण डोक्यावर घेईल. पण तिचे श्वास घेणे मात्र निःशब्द असते. चोच मिटलेली, मान सैल, शेपूट स्थिर. म्हणून दिवेलागणीनंतर खुराड्यापाशी उभे राहिले आणि आतून बारीक घरघर, शिट्टीसारखा सूर किंवा थांबून थांबून येणारी शिंक कानी पडली, तर तिचा त्रास आदल्या दिवशीचा नव्हे, बहुधा त्याहून जुना असतो, असे समजावे. कोंबडी हा भक्ष्य होणारा पक्षी आहे. दुबळेपणा दिसला की शत्रू हेरतो आणि कळपातील इतर पक्षीही टोचतात, हे तिच्या रक्तात असल्यामुळे ती आजार शेवटपर्यंत लपवते. ‘सकाळी चांगली होती, संध्याकाळी गेली’ असे जे म्हटले जाते, त्यातील ‘चांगली होती’ हा भाग क्वचितच खरा असतो.

सांगली-साताऱ्याकडील जैन घरांत कोंबडी पाळण्याची रीत नाही. तरीही कोंबडी घरात येतेच. महामार्गावर पक्ष्यांनी भरलेल्या गाडीतून एखादी खाली पडते आणि कोणीतरी तिला उचलून आणतो. बाजारात रंगवलेले पिल्लू पाहून मूल हट्ट धरते. शेतावर राहणारे गडी गाव सोडून जाताना दोन तलंगा मागे ठेवतात. २०१९ मध्ये इस्लामपूर भागातील कडकनाथ पालनाचा गाजावाजा कोसळला, तेव्हा खाद्यावाचून राहिलेल्या काळ्या कोंबड्यांचे काय करावे, हा प्रश्न अनेक शेतकरी कुटुंबांपुढे उभा राहिला होता. ज्या घरात तिची अंडीही खाल्ली जात नाहीत, तेथे ती केवळ एक आश्रित जीव म्हणून राहते. अशा घरात माया भरपूर असते. पिढीजात कोंबडी पाळणाऱ्याला सहज कळणाऱ्या खुणा मात्र ठाऊक नसतात. श्वासाच्या त्रासात ही उणीव सर्वांत महाग पडते.

पक्ष्याचे श्वसन आपल्यासारखे नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. माणसाच्या छातीखाली श्वासपटल असते, फुप्फुसे फुगतात आणि मिटतात. कोंबडीला असे श्वासपटल नाही. तिची फुप्फुसे लहान, बरगड्यांना जखडलेली आणि जवळजवळ न हलणारी असतात. हवा खेचण्याचे काम शरीरभर पसरलेल्या नऊ पातळ वायुकोशांकडे असते, आणि ते कोश भरतात-रिकामे होतात ते छातीचे हाड पुढे-मागे हलल्यामुळे. ही रचना मोठी कार्यक्षम आहे. फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि प्राणवायू पुरेपूर शोषला जातो. पण विषारी वायू आणि रोगजंतूही तितक्याच पुरेपूर आत जातात. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्ष्याचा पिंजरा नेत असत. ही प्रथा १९८६ पर्यंत टिकून होती. पक्षी माणसाआधी कोसळतो, एवढ्यावरच ती उभी होती.

या रचनेतून घरच्यांसाठी एक अत्यंत व्यावहारिक गोष्ट निघते. कोंबडीला छातीशी घट्ट आवळून धरले, तर तिचे हाड हलू शकत नाही आणि नाक-तोंड मोकळे असूनही ती गुदमरते. मुले प्रेमाने नेमके हेच करतात. धापणाऱ्या पक्ष्याला पाठीवर उताणे निजवणेही तसेच घातक. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून, छाती मोकळी ठेवून, उभ्या स्थितीतच तिला उचलावे.

श्वास पाहायचा तो दुरून. जवळ गेले की घाबरून तिचा श्वास वाढतो. सावलीत शांत बसलेल्या मोठ्या कोंबडीचे श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात. प्रत्येक श्वासासरशी शेपूट वर-खाली हलत असेल, तर तिला श्वासासाठी जोर लावावा लागतो आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस, नाकपुडीवर सुकलेली खपली, एका बाजूने सुजलेला चेहरा, खांद्यावरच्या पिसांना नाक पुसल्याचे चिकट डाग, फिकट पडलेला तुरा या पुढच्या खुणा. मान ताणून, डोके वर करून, चोच उघडून ती हवा ओढू लागली, तुरा जांभळट-काळा दिसू लागला किंवा खोकताना रक्तमिश्रित शेंबूड पडला, तर मग दिवस मोजायचे नसून तास मोजायचे असतात.

उघडी चोच मात्र नेहमीच रोगाची नसते. कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि वैशाखातल्या दुपारी ते उतरवायचा तिच्याकडे एकच मार्ग, धापणे. पंख अंगापासून दूर धरलेले, तुरा लालभडक, आवाज नाही, आणि सावली व थंड पाणी मिळताच अर्ध्या-पाऊण तासात चोच मिटते, तर तो उष्म्याचा त्रास. अशा वेळी पाय घोटाभर साध्या पाण्यात उभे करावेत, वारा द्यावा. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये. तीच उघडी चोच पहाटेच्या गारव्यात दिसली, तर मात्र ती उष्म्यावर ढकलू नये. काही वेळा दोष श्वसनाचा नसतोच. गळ्याखालची अन्नाची पिशवी तटून कठीण झाली, अंडे आत अडकले किंवा पोटात पाणी साठले, तरी वायुकोशांना जागा उरत नाही आणि पक्षी धापतो. मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलर जातीत हे विशेष आढळते. सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाणारे ते शरीर हृदयाला आणि फुप्फुसांना पेलत नाही. गाडीतून पडलेली पांढरी कोंबडी घरी आणून तिला भरपूर दाणा घालणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे: तिच्यासाठी मोजका आहार हेच पथ्य आहे.

आता कारणांकडे. रोगजंतूंआधी हवा तपासावी. खुराड्यातील तूस किंवा भुसा ओला राहिला की विष्ठेतून अमोनिया सुटतो. उभ्या माणसाला वास येत नाही, कारण त्याचे नाक चार-पाच फुटांवर असते. गुडघे टेकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्यावे. तेथे डोळे चुरचुरले, तर तिच्या श्वासनलिकेतील धूळ व जंतू बाहेर लोटणाऱ्या सूक्ष्म केसांना इजा होऊ लागली आहे, आणि एरवी सहज परतवला गेला असता तो जंतू आता आत ठाण मांडणार. बुरशी आलेली गादी किंवा कुबट दाणा यांतील बुरशीचे बीजाणू पिलांच्या फुप्फुसांत गाठी निर्माण करतात. त्यावर औषधोपचार जवळपास हात टेकतो. चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती, बंद खोलीतील धूप, रंगाचा वास हे सर्व टाळावे. चिकटू नये म्हणून लेप दिलेला तवा रिकामा फार तापला, तर त्याचा माणसाला न जाणवणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. आजारी कोंबडीला ‘ऊब मिळावी’ म्हणून स्वयंपाकघरात ठेवण्याची सवय म्हणूनच बरी नव्हे.

रोगांपैकी ग्रामीण महाराष्ट्राला सर्वांत परिचित नाव मानमोडी. शास्त्रीय पुस्तकांत याला राणीखेत म्हणतात. १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि त्याच सुमारास जावा बेटावर हा रोग नोंदवला गेला. भारतात कुमाऊँमधील राणीखेत येथे तो ओळखला गेला आणि तेच नाव आपल्याकडे रूढ झाले. धाप, घरघर, हिरवट संडास, पुढे मान पिळवटणे आणि पाय-पंख लुळे पडणे, अशी त्याची चाल असते. मान मुरगळते म्हणून मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने हेच नाव दिले होते. विषाणूचा आजार असल्याने यावर औषध नाही, लस मात्र उत्तम आहे. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, असा सर्वसाधारण क्रम असतो. ही दुसरी लस मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत भारतातच घडली. अडचण इतकीच, की लसीची कुपी शेकडो पक्ष्यांच्या हिशेबाने येते, ती थंडीत सांभाळावी लागते आणि विरघळल्यावर थोड्याच तासांत संपवावी लागते. दोन कोंबड्या असलेल्या घराने गल्लीतल्या इतर पाळणाऱ्यांसोबत एकाच दिवशी लसीकरण करून घेणे हाच त्यावरचा उपाय.

मानमोडीइतका धडाकेबाज नसलेला, पण घरगुती कोंबड्यांत अधिक रेंगाळणारा आजार म्हणजे मायकोप्लाझ्मा जंतूचा जुनाट श्वसनविकार. पक्षी खातो, पितो, हिंडतो आणि आठवडेच्या आठवडे घरघरतो. थंडी, पाऊस, प्रवास, नवा सोबती अशा प्रत्येक ताणासरशी तो उसळतो. चेहरा सुजून नाकाला दुर्गंधी येत असेल, तर सर्दीचा जंतू. तोंडात व घशात पिवळट पापुद्रे चढले असतील, तर देवीचा आतला प्रकार किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव. रक्तमिश्रित शेंबूड व ताणलेली मान असेल, तर कंठ-श्वासनलिकेचा विषाणुजन्य दाह. ओल्या जमिनीवर गांडुळे, गोगलगायी टिपणाऱ्या पक्ष्यांच्या श्वासनलिकेत कधी लाल दोऱ्यासारखे कृमीही चिकटतात आणि पक्षी जांभई दिल्यासारखी चोच पसरत राहतो. कृमिनाशक देताना काही घरांत हात अडखळतो, ते समजण्यासारखे आहे; अंगण कोरडे ठेवले आणि चरण्याची जागा बदलत राहिली, तर ती वेळच बहुधा येत नाही.

ही यादी वाचून घरच्या घरी निदान करता येईल, असे मात्र कोणी मानू नये. लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की अनुभवी पशुवैद्यही नमुना तपासल्याविना ठामपणे बोलत नाही. घरच्यांचे काम निराळे आणि तितकेच महत्त्वाचे असते. घरघरणारी कोंबडी त्याच दिवशी वेगळी करावी. वेगळी म्हणजे त्याच खुराड्यात जाळीपलीकडे नव्हे, वेगळ्या हवेत. उबदार, कोरडी, मोकळ्या वाऱ्याची, पण झोत न लागणारी जागा असावी. पाणी गाळून, स्वच्छ भांड्यात, तिच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे. निरोगी पक्ष्यांचे दाणापाणी आधी करावे, आजारीचे शेवटी. चप्पल आणि भांडी वेगळी. सेवा करणाऱ्याने नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि हात साबणाने धुवावेत. मानमोडीचा विषाणू माणसाचे डोळे आणू शकतो, आणि पक्ष्यांच्या फ्लूचा संशय असेल तर वृद्धांनी व मुलांनी जवळ जाऊच नये.

काय करू नये, याची यादी खरे तर अधिक उपयोगाची. तोंडात पाणी, तेल, तूप, हळदीचा काढा ओतू नये. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे उघडते; धापणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत ओतलेले सरळ फुप्फुसात उतरते, आणि ‘औषध दिले तरी गेली’ या वाक्यात ‘तरी’च्या जागी ‘म्हणून’ असायला हवे होते, असे किती वेळा घडत असेल! माणसांसाठी आणलेल्या, घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या कुटून घालू नयेत. विषाणूवर त्या निरुपयोगी, बुरशीत अपायकारक, आणि अर्धवट मात्रेने जंतू अधिक कोडगे होतात. पशुपालनातील याच बेछूटपणामुळे कोलिस्टिन हे औषध २०१९ मध्ये भारत सरकारला खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत बंद करावे लागले. आणखी एक बाब सहसा सुचत नाही: आपल्या घरी अंडी खात नाहीत म्हणून ती कामावरच्या बाईंना किंवा शेजारी दिली जातात. पक्ष्याचा औषधोपचार चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती कोणालाही देऊ नयेत.

उपचारासाठी जायचे कोठे, हा प्रश्न सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला राहणाऱ्यांना तुलनेने सोपा आहे. पुणे-सातारा महामार्गावर, नीरेच्या काठच्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८८ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आज नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. सातारा-सांगली हा एके काळचा एकच जिल्हा. त्या साऱ्या मुलखात प्रतिसरकार उभारणाऱ्या वाळवे तालुक्यातील पुढाऱ्याचे नाव त्याला शोभून दिसते. अशा संस्थेचा लाभ असा, की रुग्णावर उपचार करणारे आणि रोगाचे मूळ शोधणारे एकाच आवारात असतात. दूरच्या वाचकांसाठी पंचायत समितीचे पशुधन विकास अधिकारी, तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक आहे. ‘एका कोंबडीसाठी कशाला आलात?’ असा चेहरा कोठे दिसला, तरी संकोचू नये. एका कोंबडीचे निदान म्हणजे गल्लीतल्या साऱ्या पक्ष्यांची पूर्वसूचना असते.

नेताना पुठ्ठ्याच्या खोक्याला चारी बाजूंनी भोके पाडावीत, तळाला जुना टॉवेल घालावा, प्रवास सकाळच्या गारव्यात करावा. रात्रीची घरघर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून न्यावी, कारण दवाखान्यात भेदरलेला पक्षी ती दडवतो. त्रास कधीपासून, किती पक्ष्यांना, लस कोणती व केव्हा, नवा पक्षी कधी आला, गादी कशाची, हे कागदावर लिहून न्यावे. एखादा पक्षी दगावला, तर त्याला घाईने पुरून टाकण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शवविच्छेदन म्हटले की आपल्या घरांत मन मागे सरते. पण त्या मृत देहातूनच उरलेल्या जिवांवर कोणता उपचार करायचा ते कळते. देह दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा, गोठवू नये.

अनेक पक्षी एकदम मेले, डोकी सुजली, पाय-तुरे काळवंडले, तर मात्र कोणाला कोठे न्यायचे नाही; पक्षी जेथे आहेत तेथेच ठेवून पशुसंवर्धन खात्याला कळवायचे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावाने तेच पाहिले. २००९ च्या प्राण्यांमधील रोगप्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती देणे बंधनकारक आहे. निदान पक्के झाल्यावर एक किलोमीटर परिसरातील पक्षी मारले जातात, निरोगी दिसणारेसुद्धा. जीवदया मानणाऱ्या घराला याहून कठीण प्रसंग नाही, आणि म्हणूनच माहिती दडवण्याचा, आपली एक कोंबडी रातोरात पाहुण्यांच्या गावी पोहोचवण्याचा मोह होतो. तो विषाणू त्या खोक्यातून नव्या गावात उतरतो आणि तेथे पुन्हा एक किलोमीटरचे वर्तुळ आखले जाते.

हीच गोष्ट लहान प्रमाणात पांजरपोळांना लागू पडते. आजाऱ्याला आश्रय देण्याची परंपरा समाजाला अभिमानास्पद आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातले पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तेथेही शिकारी पक्ष्यांना इतरांसोबत ठेवून घेत नाहीत, बाह्यरुग्ण म्हणून उपचार करून पाठवतात. दयेलाही विभागणी लागते. घरघर थांबलेली कोंबडी बरी दिसत असली, तरी मायकोप्लाझ्मा तिच्या शरीरात आयुष्यभर दबा धरून राहू शकतो आणि तिच्या अंड्यातून पिलात उतरू शकतो. तिला ‘आता ठणठणीत आहे’ म्हणून पांजरपोळात सोडणे किंवा कोणाला भेट देणे म्हणजे तेथील साऱ्या पक्ष्यांना तिचा आजार देणे. ती ज्या घरी बरी झाली, त्याच घरी तिचे आयुष्य जावे. बाहेरून आलेल्या नव्या पक्ष्यालाही तीन-चार आठवडे स्वतंत्र ठेवून, रोज रात्री कान देऊन, मगच जुन्यांत मिसळावे.

कधी कधी डॉक्टर सांगतात की उपाय उरला नाही, आणि वेदनारहित मरणाचा पर्याय पुढे ठेवतात. काही कुटुंबे तो स्वीकारतात, पुष्कळ जैन घरांत तो स्वीकारला जात नाही. नाही म्हणायचे असेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे ते वेदना व धाप कमी करणारे उपचार सुचवू शकतात. गप्प राहून पक्ष्याला नुसते घरी नेले, की तोही मार्ग बंद होतो. मग तिला उभे राहण्याइतका आधार मिळेल अशी टॉवेलची गुंडाळी दोन्ही बाजूंना लावावी, चोचीपाशी उथळ वाटीत पाणी ठेवावे, खोली अंधुक करावी, आणि मुलांना तिला सारखे उचलू देऊ नये.